दहाचं नाणं अडलंय कुठे?

आमच्या आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या. वीस रुपये झाले. खिशातून दहाची दोन नाणी काढून दिली. बाईंनी ती हातात घेतली, एकदा उलटीसुलटी केली आणि परत माझ्या तळहातावर ठेवली.

"हे नगं दादा. फुडं कुनी घेत न्हाई."

मग मी पन्नासची नोट दिली. बाईंनी मांडीखालच्या पोत्याची घडी वर करून दहाच्या तीन नोटा काढल्या. एक ओली होती. दुसरीवरच्या कोणार्कच्या चाकावर आडवी चिकटपट्टी होती, आणि पट्टीखाली कोथिंबिरीचं एक पान अडकलेलं. त्या तिन्ही नोटा मी मुकाट्यानं खिशात घातल्या, कारण त्या पुढं कुणीतरी घेणार याची मला खात्री होती. पंचवीस वर्षं टिकेल असं नाणं परत आलं आणि भिजलेला कागद चालला.

बाईंना अडाणी म्हणून हसू नका. "पुढं कुणी घेईल का?" हा पैशाबद्दलचा सगळ्यात मूलभूत प्रश्न आहे आणि त्या तो बरोबर विचारत होत्या. मुद्दा एवढाच, की एक, दोन आणि पाच रुपयांच्या नोटा जाऊन नाणी आली तेव्हा आपण ती निमूट स्वीकारली. मग दहाला काय झालं?

## नोट एकाची, नाणं दुसऱ्याचं

आधी मालकी बघू. दोन रुपयांपासून वरची कुठलीही नोट घ्या. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते आणि धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन असतं. म्हणजे नोट ही रिझर्व्ह बँकेची चिठ्ठी आहे, बँकेच्या हिशेबात ती देणं म्हणूनच मांडली जाते.

नाण्यावर सहीही नसते आणि वचनही नसतं. नाणी भारत सरकार पाडतं, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चार टांकसाळींत. घरात नाणं असेल तर सालाखाली बघा. बारीकसा चौकट म्हणजे पत्त्यातला डायमंड दिसला तर ते मुंबईचं, टिंब असेल तर नोएडाचं, चांदणी असेल तर हैदराबादचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. रिझर्व्ह बँक ही नाणी सरकारकडून दर्शनी किमतीला, म्हणजे वर जो आकडा छापलेला असतो त्या किमतीला घेते आणि बँकांमार्फत वाटते. तिचं काम वाटपाचं. कुठलं नाणं किती पाडायचं हे सरकार ठरवतं.

या नियमाला अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. ती सरकारची, तिच्यावर अर्थ सचिवांची सही असते आणि कायद्याच्या दृष्टीनं ती 'नाणं'च आहे! जुनी एकची नोट सापडली तर नीट पाहा, तिच्यावर रुपयाच्या नाण्याचं चित्र असतं. हा कागद नाण्याच्या जागी उभा आहे, असं तो कागदच सांगत असतो.

## पत्रावळ की स्टीलचं ताट?

नोटेकडून नाण्याकडे वळण्यामागचा हिशेब आपल्या घरातलाच आहे. पंगतीला पत्रावळ स्वस्त पडते, पण दर पंगतीला नवी लागते. स्टीलचं ताट महाग पडतं, पण घासून पुन्हा मांडता येतं. ताट घ्यायचं की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: पंगती किती, आणि पत्रावळ किती टिकते.

आता आकडे. २०१८ मध्ये माहिती अधिकारात टांकसाळीनं दिलेल्या उत्तरानुसार दहाचं नाणं पाडायला ५ रुपये ५४ पैसे लागत होते, पाचचं ३ रुपये ६९ पैशांत पडत होतं, तर रुपयाचं नाणं रुपयापेक्षा महाग, १ रुपया ११ पैशांना. दहाची नोट छापायला २०२१-२२ मध्ये साधारण ९६ पैसे लागले. वर्षं वेगळी आहेत, पण अंदाज यायला पुरेसं आहे.

नाणं पंचवीस वर्षं चालतं असं धरू. दहाची नोट बाजारात वर्षभरच तग धरत असेल तर तेवढ्या काळात पंचवीस नोटा छापाव्या लागतील, म्हणजे २४ रुपये. नाणं साडेपाच रुपयांत काम भागवतं. विषय संपला.

पण नोट पाच वर्षं टिकली तर? पाच नोटा, ४ रुपये ८० पैसे. आता नोटच स्वस्त! नोट साधारण सव्वाचार वर्षं टिकली की पारडं तिच्या बाजूला झुकायला लागतं. म्हणजे 'नाणं स्वस्त की नोट' याचं कायमचं उत्तर नाही. नोट किती हातांतून फिरते, किती वेळा घडी होते, मासळीवाल्याकडे जाते की कपाटात राहते, त्यावर ते अवलंबून. चिल्लर नोटा सगळ्यात जास्त फिरतात आणि सगळ्यात लवकर मरतात. म्हणून कोणत्याही देशात नाणं खालून वर चढतं. आधी एक, मग दोन, मग पाच.

## एक, दोन, पाचची गोष्ट

आपल्याकडे तर प्रवास उलटा सुरू झाला होता, नाण्याकडून नोटेकडे. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि मिळेनाशी झाली. रुपया तेव्हा चांदीचा. तो पाडायला चांदी आणायची कुठून, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली. ती १९२६ मध्ये बंद झाली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, पुन्हा आली. धातू परवडेना तेव्हा कागद, कागद परवडेना तेव्हा धातू.

नव्वदच्या दशकात कागद परवडेनासा झाला. १९९४ मध्ये एकची छपाई थांबली, १९९५ मध्ये दोनची आणि पाचचीही. हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. दोनचं नाणं १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं आलं होतं, पाचचं १९८५ मध्ये इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ, आणि १९९२ पासून पाचची जाडजूड, नऊ ग्रॅमची नाणी नेहमीच्या वापरात आली. रिझर्व्ह बँकेनं जुन्या नोटा बाद केल्या नाहीत, आजही त्या चालतात. फक्त नव्या छापणं थांबवलं. जुन्या फाटत गेल्या, मळत गेल्या, आणि नाण्यांना वाट करून देत गेल्या.

ती मधली वर्षं ज्यांना आठवतात त्यांना पाचच्या नोटेचा अंत्यकाळही आठवेल. इतकी विरलेली असायची की लोक तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचे. नोट हातात घ्यायची म्हणजे ती पिशवीच हातात घ्यायची. आत कागदाचे तीन तुकडे आहेत की चार, कोण मोजतो. कंडक्टर तिकिटाच्या पाठीमागे उरलेले पैसे लिहून द्यायचा आणि किराणा दुकानदार सुट्ट्यांऐवजी चॉकलेट. इटलीतही १९७० च्या दशकात असंच झालं होतं. तिथे नाण्यांची एवढी टंचाई झाली की बँका छोट्या रकमेचे धनादेश छापून वाटायला लागल्या, आणि दुकानदार गोळ्या देऊन हिशेब मिटवायचे.

नाण्यांचे स्वतःचे रोगही होतेच. नाण्यातल्या धातूची किंमत वर छापलेल्या आकड्याच्या पुढे गेली की ते नाणं बाजारातून भट्टीकडे निघतं. २००७ च्या सुमारास आपली नाणी चोरून बांगलादेशात नेतात आणि वितळवून दाढीची ब्लेडं करतात, अशा बातम्या होत्या. सरकारनं धातू स्वस्त केला, तांबं-निकेलऐवजी स्टेनलेस स्टील आणलं. आजच्या कायद्यात नाणं वितळवणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण खरा बंदोबस्त कैदेचा नाही, स्वस्त धातूचा.

(एकची नोट २०१५ मध्ये पुन्हा आली, ती कशासाठी हे मला तरी नीट उलगडलेलं नाही. लग्नात एकशेएकच्या पाकिटात घालायला बरी पडते, एवढा उपयोग मी पाहिलाय.)

## नोट उठल्याशिवाय नाणं बसत नाही

आता परदेशाकडे बघू, कारण दहाच्या नाण्याचं दुखणं तिथे आधी होऊन गेलंय.

कॅनडानं १९८७ मध्ये एक डॉलरचं नाणं आणलं. त्याच्यावर नावेचं चित्र यायचं होतं, पण त्याचे ठसे ओटावाहून विनिपेगला नेताना वाटेत गहाळ झाले! कुणी खोटी नाणी पाडेल या भीतीनं घाईघाईत चित्र बदललं आणि नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आला. लोकांनी नाण्याचं नावच 'लूनी' पाडलं. पण नाणं रुजलं ते पक्ष्यामुळे नाही. १९८९ मध्ये सरकारनं डॉलरची नोट देणंच बंद केलं. ब्रिटननं १९८३ मध्ये एक पौंडाचं नाणं आणलं तेव्हा भरपूर कुरकुर झाली, जड आहे, खिसे फाटतात म्हणून. १९८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची नोट मागे घेतली आणि कुरकुर संपली.

अमेरिकेनं मात्र दोन्ही ठेवलं. १९७९ मध्ये डॉलरचं नाणं काढलं, ते आकारानं पावलीच्या, म्हणजे तिथल्या पंचवीस सेंटच्या नाण्याच्या इतकं जवळचं की लोक गोंधळले. २००० मध्ये सोनेरी रंगाचं काढलं. २००७ पासून माजी राष्ट्राध्यक्षांची मालिका काढली. नोट मात्र छापतच राहिले. २०११ च्या अखेरीस नेहमीच्या वापरासाठी नाणी पाडणं थांबवलं, तेव्हा तिजोऱ्यांत १४० कोटींहून जास्त डॉलरची नाणी पडून होती. भारतातल्या प्रत्येकाला एकेक देता आलं असतं.

लोकांना अमेरिकेत नाणं आवडत नव्हतं आणि कॅनडात आवडत होतं, असं नाही. आवड कुणालाच नव्हती. पण समोर नोट आणि नाणं दोन्ही असलं की दुकानदार गल्ल्यात नोटेसाठी कप्पा ठेवतो, नाण्यासाठी ठेवत नाही. मग गिऱ्हाइकाला नाणं मिळत नाही, न मिळाल्यानं ते अनोळखी राहतं, आणि अनोळखी म्हणून नाकारलं जातं. त्या कोथिंबीरवाल्या बाईंचं "फुडं कुनी घेत न्हाई" हे अमेरिकेच्या तिजोरीत पडलेल्या नाण्यांनाही तंतोतंत लागू पडतं.

दहाचं तेच झालं. दोन धातूंचं नाणं २००५ मध्ये पाडायला घेतलं, २००९ मध्ये बाजारात आलं. नोट चालूच राहिली. आणि जानेवारी २०१८ या एकाच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं काय केलं पाहा. ५ तारखेला दहाची नवीकोरी चॉकलेटी नोट जाहीर केली आणि १७ तारखेला 'कृपा करून दहाची नाणी घ्या' असं आवाहन केलं. घरात दोन सुना आणायच्या, एकीच्या हातात किल्ल्या द्यायच्या आणि दुसरीला मान मिळत नाही म्हणून हळहळायचं, त्यातला प्रकार.

## "पण दहाची खोटी नाणी असतात ना?"

खोटी नाणी पाडणारे असतात, नाही असं नाही. ब्रिटनमध्ये जुन्या पौंडाच्या दर तीस नाण्यांमागे जवळपास एक खोटं निघायला लागलं होतं, म्हणून २०१७ मध्ये बारा कडांचं, दोन धातूंचं नवं नाणं आणावं लागलं. पण आपल्या बाजारात दहाचं नाणं नाकारलं जातं ते बहुतेक वेळा खऱ्यावरच्या संशयानं.

त्याचं मूळ सरकारच्या हौसेत आहे. दर थोड्या वर्षांनी चित्र बदलायचं. रुपयाचं चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही. मग अफवा उठली की चिन्ह नसलेलं खोटं. नाण्यावरची किरणं दहा असतील तर खरं आणि पंधरा असतील तर खोटं, अशी दुसरी. २०१८ च्या त्या आवाहनात रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोपर्यंत निघालेली दहाची चौदाच्या चौदा प्रकारची नाणी खरी आहेत. चौदा! एकाच माणसाचे चौदा वेगवेगळे फोटो दाखवले तर वॉचमनही गेटवर अडवेल.

खरं-खोटं ओळखायची आपली जुनी पद्धत कानाची होती. बंदा रुपया दगडावर आपटायचा आणि खणखणीत वाजला तर घ्यायचा. आजच्या नाण्याला तो निकष लागत नाही, कारण त्यातल्या धातूला मोल नाही. आता भरवसा फक्त ओळखीचा, आणि ओळख व्हायला चेहरा एकच हवा.

## "दुकानदारानं नाही घेतलं तर?"

इथे एक कायद्याचा शब्द लागतो, 'वैध चलन'. देणं फेडायला पुढे केलं तर कायदा जे ग्राह्य धरतो ते. दहाचं नाणं वैध चलन आहे, विसाचंही. पण २०११ च्या नाणे कायद्यात एक मर्यादा आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच वैध. पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. (हो, आठ आणे अजून चालतात. बंद झाली ती चार आणे आणि त्याखालची, जून २०११ अखेर.) म्हणजे उधारीवर चिडून कुणी दुकानदारापुढे पाच हजारांची चिल्लर ओतली, तर त्याला ती नाकारता येते.

बँकेला मात्र अशी वरची मर्यादा नाही. ती कितीही नाणी जमा करून घेऊ शकते. प्रत्यक्षात काउंटरवर कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यालाही कारण आहे. लाख रुपयांच्या दहाच्या नोटा म्हणजे शंभर गड्ड्या, यंत्रात मोजून होतात. लाख रुपयांची दहाची नाणी म्हणजे दहा हजार नग, वजन ७७ किलो. ती मोजायची कुणी, ठेवायची कुठे? मळकी नोट बँकेतून रिझर्व्ह बँकेकडे जाऊन नष्ट होते. नाणं मरत नाही, त्यामुळे त्याला परतीची वाटच नाही. २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानापुढे हाच पेच आला होता. दानपेटीतली चिल्लर ठेवायला जागा नाही म्हणून बँका हात वर करत होत्या.

## डब्यात झोपलेला पैसा

नोटेऐवजी नाणं आणण्यात सरकारचा एक फायदा असा आहे जो सहसा बोलला जात नाही. दहाचं नाणं ५ रुपये ५४ पैशांत पाडलं आणि रिझर्व्ह बँकेला दहाला दिलं, तर मधले ४ रुपये ४६ पैसे सरकारी तिजोरीत. हा टांकसाळीचा नफा.

आता यात आपल्या सवयीचा भाग जोडा. नोट पाकिटात राहते आणि खर्च होते. नाणं संध्याकाळी खिशातून निघून फ्रिजवरच्या वाटीत, देवघराजवळच्या डब्यात, गाडीच्या कप्प्यात जातं आणि तिथेच झोपतं. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं म्हणूनच धरलं होतं की एका नोटेची जागा भरायला एक नाही, दीड नाणं लागेल. जास्त नाणी म्हणजे टांकसाळीचा जास्त नफा. २०११ मध्ये त्यांनी मांडलेल्या तीस वर्षांतल्या साडेपाच अब्ज डॉलरच्या फायद्यात मुख्य वाटा कागद वाचण्याचा नव्हता, या झोपलेल्या नाण्यांचा होता. म्हणजे लोकांनी डब्यातून सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज.

आणि २०१९ मध्ये त्याच कार्यालयानं पुन्हा हिशेब केला तर उत्तर उलटं आलं, तोटा. कारण मधल्या काळात पत्रावळ टिकाऊ झाली होती. एकेकाळी दीड वर्षाच्या आसपास टिकणारी डॉलरची नोट आता जवळपास आठ वर्षांवर गेली होती. लोक रोख कमी वापरतात, यंत्रं नोटा जास्त नेमकेपणानं निवडतात, नोट कमी हाताळली जाते.

## मग दहाची नोट बंद का करत नाहीत?

हिंमत नाही हे एक उत्तर. पण आता त्यात दुसरंही मिसळलंय. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक मागणी आली, पन्नासचं नाणं काढा. दृष्टिहीनांना पन्नासची नोट हातानं ओळखणं अवघड जातं, नाणं बोटांना लगेच कळतं. मला ही मागणी रास्त वाटते, कारण नाण्याच्या बाजूनं केलेल्या युक्तिवादांत हा एकच असा आहे जो पैशांच्या बचतीवर उभा नाही. सरकारनं सांगितलं, असा विचार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पाहणीत लोकांनी दहा आणि वीसलाही नोटच पसंत केली होती. नोटा ओळखायला 'मनी' नावाचं मोबाइल ॲप २०२० पासून आहे, हेही आहेच.

पण ही पसंती विचारली कुणाला? ज्यांच्यासमोर दोन्ही पर्याय ठेवलेत, त्यांना. १९८७ मध्ये कॅनडात विचारलं असतं तर वेगळं उत्तर आलं नसतं.

मधल्या काळात स्कॅनरनं गंमत केली. दहा-वीस रुपयांचा चहा आता मोबाइलवर भरला जातो, म्हणजे चिल्लर नोट पूर्वीइतकी हाताळली जात नाही. ती जास्त टिकायला लागली, तर सव्वाचार वर्षांचं ते पारडं नोटेकडेच झुकेल, आणि दहाची नोट बंद करायचं उरलंसुरलं कारणही जाईल. पाच रुपयांपर्यंत नाणी, वीसच्या वर नोटा, आणि मधे दहा-वीसची ही अर्धवट वस्ती बहुधा अशीच राहील.

बाजारातून परत आल्यावर ती दोन नाणी मी फ्रिजवरच्या डब्यात टाकली. सहज म्हणून डबा पालथा केला. दहाची सेहेचाळीस निघाली आणि विसाची दोन, बारा कडांची. पाचशे रुपये. पुढच्या रविवारी त्यातली चार घेऊन त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी कोथिंबीर पिशवीत घातली, नाण्यांकडे बघितलं आणि भाजीच्या ढिगाऱ्याला टेकवलेल्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर पोरानं चिकटवलेला क्यूआर कोड होता.